दोन इंच उंची

गेल्या चैत्रात आमच्या पुतण्याने एक जुनी पिकअप घेतली. कितव्या हाताची, ते त्यालाही धड सांगता आलं नाही. रंग मूळचा पांढरा असावा. फाळक्यावर आधीच्या मालकाच्या मुलांची नावं, हौद्याच्या पत्र्याला दोन ठिकाणी ठिगळं, पण इंजिन मात्र खणखणीत, असं तो सांगतो. मला त्यातलं कळत नाही. मी आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला आणि स्वतःची म्हणून एक सायकल चालवली, तीही चेन पडणारी.

पुतण्याचा धंदा भातपेंढ्याचा आणि थोडा भाजीचा. शहापूरहून निघायचं, किन्हवलीवरून सरळगावाकडे उतरायचं आणि मधल्या पाड्यांवर जिथे जिथे माल असेल तिथे गाडी घालायची. काम सोपं वाटतं. पण डांबरी संपली की पुढचा मैलभर जो काही असतो, त्याला रस्ता म्हणावं की ओहोळ, हे महिना कोणता चालू आहे त्यावर ठरतं. पंधरा दिवसांतच तो तोंड पाडून आला.

"काका, गाडी उचलायची आहे."

मला वाटलं पंक्चर झाली. जॅक नाही का तुझ्याकडे, असं विचारलं तर हसायला लागला. गाडी उचलायची म्हणजे तिची उंची कायमची वाढवायची. त्याने मोबाइलवर चित्रफिती दाखवल्या. मोठमोठ्या गाड्या, छातीला लागतील असे टायर, चारही चाकांना जोर, आणि खर्च लाखांत. ह्याची गाडी साधी, जोर फक्त मागच्या दोन चाकांना, आणि खिशात जेमतेम पंधरा हजार!

त्याला मी त्या वेळी काय उत्तर दिलं ते सोडा. पण रात्री झोप लागेना. कारण "गाडी पोटाला लागते" ही तक्रार आमच्या ह्या दोन तालुक्यांत काही आजची नाही. तिचा इतिहास आहे, आणि त्यातला एक तुकडा माझ्या डोळ्यांसमोर घडलेला आहे. म्हणून आज लिहायला बसलो.

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून पुढे गेलं की नाणेघाटाची वाट लागते. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी मार्ग. वरच्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख आहे, घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. सहलीला नेलेल्या पोरांना मी दर वर्षी एक प्रश्न विचारायचो. इथून गाडी कशी चढवत असतील? पोरं बैल, घोडे, हत्ती काय वाटेल ते जुंपायची. उत्तर असं की गाडी चढतच नव्हती. माल जनावराच्या पाठीवर आणि माणसाच्या डोक्यावर जायचा. सह्याद्रीच्या पायथ्याशी चाकाचं राज्य संपायचं. बैलाच्या पोटाखाली हातभर मोकळी जागा असते आणि त्याचे चारही पाय आपापली जागा बघून पडतात. त्याहून चांगली "उचललेली गाडी" आजवर कुणी बनवलेली नाही!

घाटात चाकं फिरू लागली ती इंग्रजांच्या काळात. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली सुरू झाला. आमच्या बाजूला मुंबई-आग्रा रस्ता झाला आणि मग रेल्वे आली. कल्याणपर्यंत १८५४, वासिंदपर्यंत १८५५, आसनगावला १८६०, कसाऱ्याला १८६१, आणि थळघाट चढून इगतपुरीला १८६५. पुढे १८९२ साली तानसाचं धरण पुरं झालं, जवळजवळ पावणेदोन मैल लांबीची भिंत, आणि शहापूर तालुक्यातलं पाणी मुंबईच्या नळाला गेलं. मुरबाडला मात्र रेल्वे अजूनही आलेली नाही. ह्या सगळ्या मोठ्या कामांनी तालुक्यातून आरपार जाणाऱ्या रेघा ओढल्या. पाड्यापासून त्या रेघेपर्यंतचं अंतर मात्र बैलगाडीच्या वाट्याला आलं, आणि शंभर वर्षं तिच्याकडेच राहिलं.

ह्या बैलगाडीकडे आपण नीट बघितलेलंच नाही, असं मला आता वाटतं. चित्रात काढतो, लग्नपत्रिकेवर छापतो, पण मोजत नाही. मी परवा मोजली. आमच्या आळीत एका घराच्या पडवीत जुनं चाक टेकवून ठेवलेलं आहे. व्यास साडेचार फूट. म्हणजे त्याचा आस जमिनीपासून सव्वादोन फुटांवर. आसाच्या खाली काहीही लोंबत नाही. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर लाकडी घेर आणि त्यावर लोखंडाची धाव. ही धाव चढवताना मी लहानपणी पाहिली आहे. शेणीचा गोल जाळ करून तिला लालभडक तापवायचं, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आकसते आणि सगळं लाकूड आवळून धरते. सुतार आणि लोहार दोघं मिळून हे जे करायचे त्याला आज पुतण्या "फिटिंग" म्हणेल.

एवढं मोठं चाक का? तर दोन कारणं. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं, दगडावर सहज चढतं. आणि आस वर राहतो, त्यामुळे दोन चाकांमधला उंचवटा कितीही वाढला तरी गाडी टेकत नाही. आता गंमत बघा, वर्षानुवर्षं त्याच रेषेतून चाकं गेली की दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे गवताचा वरंबा उभा राहतो. "चाकोरी" हा शब्द आपण भाषणात चाकोरीबाहेर जाण्यासाठी वापरतो. पण ज्याने खरी चाकोरी पाहिली आहे त्याला ठाऊक आहे की तिच्या बाहेर जाता येत नाही आणि आतही नीट बसता येत नाही, तुमची गाडी बैलगाडी नसेल तर!

आता जीपकडे येतो. अमेरिकी लष्कराने १९४० साली हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीची मागणी काढली. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना केला, आणि मग विलीज व फोर्ड ह्या दोघांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा काढल्या. आपल्याकडे १९४५ साली "महिंद्र अँड मोहम्मद" ही कंपनी निघाली. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव "महिंद्र अँड महिंद्र" झालं. (इतिहासाच्या मास्तराला अशा गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही, माफ करा.) सुट्या भागांतून विलीज जीपा जोडायला त्यांनी सुरुवात केली, आणि ती उंच नाकाची जीप हळूहळू आपल्या तालुक्यांत सरकारचा चेहरा झाली. १ मे १९६२ला पंचायत राज आलं, गटविकास अधिकारी आले, आणि त्यांच्यासोबत जीप आली. हिवतापवाल्यांची जीप, लसटोचणीवाल्यांची जीप. पाड्यावर धुरळा दिसला की पोरं ओरडायची, "सरकार आला!"

आता तो तुकडा.

१९७९ सालचा श्रावण. मी तेव्हा मुरबाड तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी एका शाळेत होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिसरीतल्या एका मुलाला पहाटे साप चावला. अंथरुणातच, बहुधा मण्यार असावी, कारण सूज फारशी नव्हती आणि त्याच्या पापण्या मात्र मिटायला लागल्या होत्या. मी आणि आणखी एक जण जीप आणायला पाऊण तास चिखल तुडवत गेलो. जीप मिळाली. डायव्हर माणूस चांगला, एक शब्द न बोलता निघाला. पाड्याच्या अलीकडे दोन फर्लांगांवर ती जीप अडकली.

मी तिथेच उभा होतो म्हणून सांगतो, ती चिखलात रुतली नव्हती. बैलगाडीची चाकोरी जीपपेक्षा रुंद. त्यामुळे एका बाजूची चाकं चाकोरीत आणि दुसऱ्या बाजूची वरंब्याच्या उतारावर. आसाच्या मधे जो डिफरन्शिअलचा भोपळ्यासारखा गोळा असतो तो वरंब्यातल्या एका दगडावर जाऊन बसला. डायव्हरने चारही चाकांचा जोर लावला. चाकं गरागरा फिरली आणि गाडी होती तिथेच. युद्धात सगळं जग फिरून आलेली जीप, आणि तिच्या पोटाला लागला एक वीतभर दगड. पहार आणायला पाड्यावर माणूस धाडला.

तेवढ्यात मुलाच्या बापाने बैल जुंपून गाडी काढली होती. मुलाला घोंगडीवर ठेवून ती बैलगाडी आमच्याच दिशेने आली. शेवटच्या वळणाला अगदी तसाच दगड तसल्याच वरंब्यात होता, तिथून ती सहज निघून आली. तिचा आस त्या दगडावरून फूटभर वरून गेला. हे दृश्य मी कधीही विसरलो नाही. जीप मोकळी होईपर्यंत अर्धा तास गेला, मग मुलाला तिच्यात घेतलं. तो वाचला नाही. तो अर्धा तास वाचला असता तर मुलगा वाचला असता, असं मी म्हणू शकत नाही. पण त्याचा बाप आयुष्यभर तसंच म्हणत राहिला, आणि मला त्याच्याशी वाद घालावासा कधी वाटला नाही.

असो.

तर पुतण्या गाडी उचलायची म्हणाला तेव्हा मला तो दगड आठवला. म्हणून मी त्याच्याबरोबर कमानवाल्या मिस्त्रीकडे गेलो. सोबत शाळेची फूटपट्टी घेतली, ह्यावर मिस्त्री आणि पुतण्या दोघांनी मान फिरवून हसून घेतलं.

मिस्त्रीने गाडीखाली डोकं घालून पहिलीच गोष्ट सांगितली, "गाडी बसलीये, मास्तर." वर्षानुवर्षं दुप्पट माल वाहून पाट्यांची कमान सपाट झाली होती. म्हणजे आपण जिला उंची वाढवणं म्हणत होतो त्यातला निम्मा भाग कारखान्याने दिलेली उंची परत मिळवण्याचा होता! पाटे काढून, पिटून पुन्हा कमानीत आणायचे, मोडका असेल तो बदलायचा, आणि मागे मेन पाट्याखाली एक पाटा वाढवायचा. एवढ्यावर हौदा दोन इंच वर येतो. पुतण्याला सहा इंच हवे होते. त्याने कुठेतरी पाहिलं होतं की आस आणि पाटे ह्यांच्यामधे लोखंडी ठोकळे घातले की स्वस्तात काम होतं.

मिस्त्रीने मागे ठोकळा घालायला ना म्हटलं नाही, पण पुढे घालायला साफ नकार दिला. ब्रेक दाबला की पुढचा आस पिळला जातो, ठोकळा निसटला तर स्टिअरिंग हातात नुसतं शोभेला राहील, असं तो म्हणाला. शिवाय उंची वाढली की इंजिनाकडून मागे जाणारा शाफ्ट जास्त तिरका होतो आणि त्याचे क्रॉस लवकर जातात. ब्रेकचे होज ताणले जातात, ते लांब घ्यावे लागतात. शॉकअप पुरत नाहीत. जुने यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत, ते एकदा ताणले की संपले. हा माणूस फारसा शिकलेला नाही, पण इतकं स्वच्छ शिकवणारे माझ्या नोकरीत मला थोडेच भेटले.

आणि मग मी माझा प्रश्न विचारला. पाटे वाढवले की तो भोपळा किती वर येतो?

मिस्त्री म्हणाला, "भोपळा? शून्य."

पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण विचार केला तर सरळ आहे. पाटे आसाच्या वर. पाट्यांवर हौदा. पाटे उंच केले की हौदा वर जाईल, बंपर वर जाईल, पायरी वर जाईल. आस मात्र चाकाच्या मध्यावरच राहणार. आस उचलायचा एकच मार्ग, मोठं चाक. म्हणजे फिरून आमचा सुतार-लोहारच बरोबर! पुतण्याच्या गाडीला २१५/७५ मापाचे १५ इंची टायर होते. तिथे २३५/७५ बसतात. व्यास ३० मिलिमीटर वाढतो, म्हणजे आस वर येतो फक्त १५ मिलिमीटर. अर्ध्या इंचाहून थोडं जास्त. आणि त्याचीही किंमत असते, काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टने पळत असते, आणि चढाला इंजिन थोडं जड जातं.

आमचं भांडण झालं ते ह्यानंतर, घरी. त्याला तरीही सहा इंच हवेच होते. पाणी ओलांडताना इंजिन वर राहील, पुढचा बंपर ओहोळाच्या काठाला घासणार नाही. हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्याचा माल पेंढा. पेंढ्याची गाडी तुम्ही रस्त्यावर पाहिली असेल, गाडी दिसतच नाही, चालता डोंगर दिसतो. अशी गाडी मुळातच डोक्यात जड, त्यात तिला आणखी सहा इंच वर न्यायचं आणि मग एक चाक चाकोरीत सोडायचं. दोन चाकांमधलं अंतर तर तेवढंच राहिलं. त्याने चिडून विचारलं, "काका, तुम्ही कधी गाडी चालवली आहे का?" मी म्हटलं, "नाही. पण कलंडलेली बैलगाडी उचलायला हात लावला आहे." त्याच्या आईने जेवायला वाढलं म्हणून विषय थांबला.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलं आहे. बसलेले पाटे मूळ उंचीला आणणं ही दुरुस्ती. सहा इंचांचे ठोकळे ही दुरुस्ती नव्हे. उद्या काही झालं तर विमावाले आधी तेच बघणार. माझ्या कलंडण्यापेक्षा हा विम्याचा मुद्दा त्याला लवकर पटला.

शेवटी ठरलं ते असं. पाटे पिटून घेतले, मागे एकेक पाटा वाढवला, यू-बोल्ट नवे, होज नवे. टायर सोडून ११ हजार लागले. टायर मूळ मापाचेच, पण मागचे दोन नवे, खोल नक्षीचे. फूटपट्टीने मोजलं, हौदा मागे सव्वादोन इंच वर, पुढे दीड. भोपळा अर्थातच जिथल्या तिथे. नवीन पाट्यामुळे रिकामी गाडी आता बेडकासारखी उडते, आणि रिकाम्या गाडीचं मागचं चाक चिखलात फिरत राहतं, म्हणून तो पावसाळ्यात हौद्यात मागे चार गोणी रेती ठेवतो. ही युक्ती त्याची स्वतःची नाही, दोन चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाड्यांचे इथले सगळेच डायव्हर हे करतात.

आषाढात त्याचा फोन आला. पाड्याच्या वाटेवर अडकला होता. "काका, भोपळा टेकला." हा शब्द आता त्यांच्या सगळ्या गँगमधे रूढ झालाय म्हणे. ट्रॅक्टर लावून गाडी काढावी लागली. चार तास गेले, भेंडी बाजारात पोचली तेव्हा भाव उतरला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत ती जागा बघायला गेलो. १९७९चं गाव ते नव्हे, पण वाट तशीच. जवळच समृद्धी महामार्गाचे खांब दिसतात. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, जून २०२५मध्ये आमच्या तालुक्यातला शेवटचा टप्पाही खुला झाला. त्याच्यावरून गाड्या ताशी शंभरने जातात, आणि खाली पाड्यावरची बाई बाळंतपणाला अजून झोळीत बसून डांबरीपर्यंत येते. पाड्यावरच्या दोघातिघांनी आम्हाला तेच सांगितलं. त्यांना पुतण्याच्या पेंढ्याशी कर्तव्य नव्हतं. गाडी घरापर्यंत येते की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

मी वरंबा मोजला. चाकोरीच्या तळापासून अकरा इंच. भोपळा जमिनीपासून पावणेआठ इंच. म्हणजे सव्वातीन इंच कमी पडत होते, आणि एवढी उंची देणारं चाक त्या गाडीला बसणं शक्य नाही. मग एक म्हातारा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा असेल, शांतपणे म्हणाला, "मास्तर, गाडी वर जात नाही तर हे मधलं खाली घेऊ की!"

इतके दिवस आम्ही काय करत होतो कोण जाणे.

गणपतीनंतर पावसाने उघडीप दिली तेव्हा सात-आठ माणसं फावडी आणि पहारी घेऊन आली. दोन दिवसांत तीनशे पावलं वरंबा तासला, निघालेले दगड चाकोरीत भरले, वर दोन ट्रॉल्या मुरूम टाकला. मुरमाचे पैसे पुतण्याने दिले, ठोकळ्यांचे वाचले होते त्यातून. ओहोळाजवळचा पन्नास पावलांचा तुकडा राहिलाय, तिथे खडकच आहे. तिथे सध्या वरंबा नऊ इंच. पुढच्या रविवारी सुरुंगवाल्याला विचारायला जायचं आहे, आणि फूटपट्टी मी आताच पिशवीत टाकून ठेवली आहे.